स्टोनवॉलच्या वस्तीची मापं घेताना

चि. चिन्मय,
अनेक आशीर्वाद.

टेक्ससमधल्या स्टोनवॉल गावाजवळच्या साउअर-बेकमन या जुन्या शेतवस्तीचं मोजमाप करायला निघालायस, तर आधी एक सांगते. तिथे गेलेल्या प्रत्येकाची नजर पत्र्याने मढवलेल्या देखण्या घराकडे जाते. तू तिथून सुरुवात करू नकोस. ते घर सगळ्यात धाकटं आहे. मापं वयाच्या क्रमाने घे, नाहीतर जोडकाम कुठे झालंय ते नकाशावर कधीच नीट उतरणार नाही.

योहान आणि क्रिस्टीन साउअर चार मुलांना घेऊन 1869 मध्ये इथे राहायला आले. पुढे मुलं दहा झाली. जवळचं फ्रेडरिक्सबर्ग जर्मन लोकांनी 1846 मध्येच वसवलं होतं, त्यामुळे गवंडी, सुतार, चर्च हे सगळं आवाक्यात होतं. तरी पहिला निवारा ओंडक्यांचा आणि दगडाचाच. 1885 पर्यंत त्या भोवती दगडी इमारती उभ्या राहिल्या. याच घरची लेक ऑगस्टा पुढे सुईण झाली, आणि 1908 मध्ये लिंडन जॉन्सन, म्हणजे नंतरचे राष्ट्राध्यक्ष, जन्मले तेव्हा तीच हजर होती. वस्ती आज त्यांच्याच नावाच्या उद्यानात आहे ती अशी शेजारधर्माने!

आता भिंती. त्या मुलखात पायाखालीच चुनखडीचा दगड, म्हणून बांधायलाही तोच आणि भाजून चुना करायलाही तोच. सुमारे 900 अंश सेल्सिअसवर भाजला की कळीचा चुना होतो, पाणी घातलं की तो उकळ्या मारत फुटतो, मग तो मुरवत ठेवायचा. एक भाग चुना, तीन भाग वाळू हे साधारण प्रमाण. वाळू मातकट असली तर दर्जा, म्हणजे दगडांमधले चुन्याचे सांधे, भुसभुशीत होतात. टेक्ससच्या उन्हात कोरड्या दगडावर चुना लावला तर दगड त्यातलं पाणी शोषून घेतो आणि गिलावा घट्ट होण्याआधीच तडकतो. म्हणून आधी भिंत भिजवायची, नंतर ओल्या गोणपाटाने झाकायची.

या टापूतल्या जुन्या घरांना खरा त्रास झालाय तो डागडुजीचा. दर्जांत सिमेंट भरलं की भिंतीतली ओल सांध्यातून बाहेर पडेनाशी होते, ती मऊ दगडातूनच वाट काढते, आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. सांधा शाबूत, दगड मात्र आत गेलेला, असं दिसलं की तिथे सिमेंट आहे असं समज. आपल्याकडे वाड्यांच्या चुन्याच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा करतात तेव्हा नेमकं हेच होतं. फक्त तिथे विटेचा भुगा होतो. चावीने दर्जा खरवडून बघ: चुना पांढरी भुकटी देतो, सिमेंटवर चावीच घासली जाते.

बेकमन कुटुंबाने जागा 1900 मध्ये घेतली. 1915 ला कापूस चांगला पिकला आणि त्या पैशातून एमिल आणि एमा बेकमन यांनी नवं गोठा-कोठार बांधलं, जुन्या दगडी इमारतीला लाकडी खोली जोडली आणि व्हिक्टोरियन थाटाचं ते पत्र्याचं घर उभं केलं, मधे पडव्या टाकून. एका हंगामाचं पीक इतकं उघड दाखवणारी वास्तू क्वचितच मिळते. लाकडी सांगाडा दगडाला भिडतो ती उभी रेघ मोठ्या प्रमाणात काढ. लाकूड हंगामानुसार फुगतं-आकसतं, दगड हलत नाही. मग तिथे फट पडते आणि पागोळ्यांचं पाणी आत शिरतं. ठशाच्या, म्हणजे दाबून नक्षी उठवलेल्या, पत्र्याला गंज धरतो तो खिळ्यांच्या डोक्यांशी आणि खालच्या कापलेल्या कडेला, कारण जस्ताचा थर तिथेच तुटलेला असतो. कुणी वाळूच्या फवाऱ्याने साफ करायचं सुचवलं तर साफ नाही म्हण, नक्षीच पुसली जाईल.

वस्ती 1966 मध्ये राज्याच्या उद्यान खात्याला विकली गेली. आता तिथे 1915 ते 1918 चा काळ मांडलाय: त्या काळच्या कपड्यांतले कर्मचारी गाई दुहतात, लोणी काढतात, साबण करतात.

साबण करताना थांबून बघ. पूर्वी लाकडाच्या राखेवरून पाणी झिरपवून क्षार काढत. त्याचा साबण मऊ, खिरीसारखा होतो, वडी धरत नाही. कॉस्टिक सोड्याची वडी होते. एक किलो डुकराच्या चरबीला साधारण 130 ग्रॅम सोडा आणि 300 ग्रॅम पाणी. सोडा पाण्यात टाकायचा. पाणी सोड्यावर ओतलं तर उसळून तोंडावर येतं. ॲल्युमिनियमचं भांडं वापरलं तर सोडा ते खातो. वडी जिभेला झोंबली तर सोडा जास्त झाला. (तू मात्र जीभ लावू नकोस, त्यांनाच विचार.)

चरबी यायची ती हिवाळ्यातल्या डुकरांची. उत्तरेचं गार वारं सुटलं की कापायचं, कारण मांस दिवसभरात आतपर्यंत गार झालं नाही तर हाडापाशी नासतं. मग मीठ चोळून ते धुरीच्या खोलीत टांगायचं. धूर गार हवा, खोली तापली तर चरबीच ठिबकायला लागते.

त्या खोलीतलं मीठ वर्षानुवर्षं जमिनीत आणि भिंतीच्या तळाशी मुरतं. हवा दमट झाली की ते ओलावा ओढतं, कोरडी झाली की दगडात स्फटिक धरतं आणि दगड आतून फोडतं. तेव्हा तिथला तळाचा थर भुगा होताना दिसला तर घाईने ‘पावसाची ओल’ असं लिहू नकोस. बाकीच्या इमारतींचा तळही त्याच दिवशी बघ आणि दोन्हीकडे भुगा किती उंचीपर्यंत चढलाय ते शेजारी शेजारी नोंदव.

टेप पोलादी ने, कापडी ताणला जातो.

तुझी,
आई