मायलेकीत दुभाषी

महोदय,

घटस्फोटानंतर मुलाला घेऊन दुसऱ्या देशात निघून जाणाऱ्या पालकांविषयीचा आपल्या रविवारच्या अंकातला लेख वाचला. लेख तळमळीने लिहिलेला आहे, पण त्याचा सगळा जीव ‘आई बरोबर की बाप बरोबर’ यातच अडकलाय. अशा प्रकरणांची कागदपत्रं भाषांतरित करण्यात आणि सुनावण्यांना दुभाषी म्हणून बसण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्यावरून सांगते, निकाल पुष्कळदा आईही लावत नाही आणि बापही नाही, तो कॅलेंडर लावतं.

मुळात १९८० चा हेग करार आईबापांची परीक्षा घेतच नाही. शंभराहून अधिक देश या करारात आहेत (भारत अजून नाही, जपान २०१४ साली आला). १६ वर्षांखालचं मूल एका पालकाने दुसऱ्याचा हक्क डावलून देशाबाहेर नेलं, किंवा सुट्टीला म्हणून नेलं आणि परत आणलंच नाही, तर त्याला नेहमीच्या वास्तव्याच्या देशात परत पाठवायचं आणि ताब्याचं भांडण तिथल्या कोर्टाने ऐकायचं, इतकीच त्यातली मुख्य गोष्ट. ‘परत पाठवा’ म्हणजे ‘दुसऱ्या पालकाच्या हवाली करा’ नव्हे. घेऊन गेलेली आई मुलाबरोबर परतून तिथे रीतसर ताबा मागू शकते. हा फरक आपल्या लेखात कुठेच नाही. वकिलांच्या फायलींतही तो पानागणिक पुसट होत जातो आणि चाळिसाव्या पानावर सासूने कधी काय म्हटलं याची चर्चा सुरू होते.

करार करणाऱ्यांना घाईचं महत्त्व पक्कं ठाऊक होतं. सहा आठवड्यांत निर्णय झाला नाही, तर उशीर का झाला असं विचारण्याची सोय त्यातच आहे. सहा आठवडे म्हणजे ४२ दिवस. २०२१ साली आलेल्या अर्जांच्या अभ्यासात शेवट लागायला सरासरी २०७ दिवस लागल्याचं दिसलं. २०१५ मध्ये हाच आकडा १६४ होता, म्हणजे आपण मागे चाललोय. त्यातच अर्ज कोर्टापुढे यायला वर्ष उलटून गेलं आणि तोवर मूल नव्या जागी रुळलं असेल, तर परत पाठवायला नकार देता येतो. मुलाच्या बाजूने हे योग्यच आहे, पण पत्ता लपवून बसणाऱ्यालाही तेच हवं असतं.

असा उशीर कसा दिसतो ते सांगते. ओळख पटेल असं काही लिहीत नाही. बाप मुलीला महिनाभरासाठी आपल्या देशात घेऊन गेला, परतीचं तिकीट काढलेलं होतं. तेव्हा ती पाच वर्षांची होती. कोर्टाने आईला आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉल मंजूर केला, तोवर मुलगी साडेसहाची झाली होती. पहिल्या कॉलला आई दोन-तीन वाक्यं बोलली, मुलगी गप्प. मग मुलीने कॅमेऱ्याबाहेर पाहून बापाच्या भाषेत विचारलं, ‘ती काय म्हणतेय?’ म्हणून मला बोलावलं गेलं. आमच्या कामाचा नियम असा की बोलणारा ‘मी’ म्हणाला की दुभाष्यानेही ‘मी’च म्हणायचं, ‘त्या म्हणतात की’ असली जोडणी चालत नाही. त्यामुळे त्या पोरीला ‘मला तुझी फार आठवण येते’ हे मला माझ्या आवाजात सांगावं लागलं. तिने माझ्याकडे पाहिलं. आईने विचारलं, दात पडला का? मी विचारलं. पोरीने तोंड उघडून खिंड दाखवली आणि त्या एका गोष्टीसाठी मात्र कुणाच्या भाषांतराची गरज पडली नाही.

आता दुसरी बाजू, कारण ती गाळली तर हे पत्रही आपल्या लेखासारखंच लंगडं होईल. करार लिहिला गेला तेव्हा डोळ्यांसमोर होता तो ताबा न मिळालेला, पोर पळवणारा बाप. आज नेणाऱ्यांत सुमारे तीन-चतुर्थांश आया आहेत. त्यांतल्या किती तरी मारहाणीला कंटाळून माहेरच्या देशात पळालेल्या असतात. मुलाला गंभीर धोका असेल तर परत न पाठवण्याची तरतूद करारात आहे, पण ‘गंभीर’ म्हणजे किती यावर देशोदेशीची कोर्टं झगडतात. असा धोका दिसला की परत पाठवण्यासाठी संरक्षणाचे सगळे उपाय धुंडाळत बसण्याचं बंधन न्यायाधीशावर नाही, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये एकमताने सांगितलं. मला ते पटतं. पण ‘झटपट सुनावणी म्हणजे आईवर अन्याय’ हा युक्तिवाद पटत नाही. घाबरलेल्या बाईला सात महिने टांगून ठेवण्यात तिचं कसलं संरक्षण?

घाई करता येते. नेदरलँड्समध्ये २०१२ पासून ही प्रकरणं हेगच्या एकाच जिल्हा न्यायालयाकडे जातात, त्यामुळे न्यायाधीश दर वेळी करार नव्याने शिकत नाहीत. सुनावणीच्या सोबतीने थोड्या दिवसांत उरकणारी मध्यस्थीही तिथे होते. अशा दोन देशांतल्या पालकांच्या भांडणात मध्यस्थ कसे असावेत याचा २००७ च्या (पोलंडमधल्या) व्रोत्सुआफ जाहीरनाम्यातला विचार मला फार आवडतो: मध्यस्थ दोन, एक पुरुष आणि एक बाई; त्यांतला एक कायद्यातला, दुसरा मानसशास्त्र जाणणारा, आणि दोघं मिळून दोन्ही पालकांच्या देशांतले, दोन्ही भाषा येणारे. स्वतःच्या पोटावर पाय देऊन सांगते, अशा खोलीत दुभाषी नसलेलाच बरा.

माझी मागणी एवढीच आहे. प्रकरण चालू असताना कोर्टं शाळा, लसीकरण, पासपोर्ट जमा करणं, सगळ्याचे हुकूम काढतात. मागे राहिलेल्या पालकाची भाषा मुलाच्या कानावर रोज पडेल, असाही एक अंतरिम हुकूम पहिल्याच तारखेला निघावा. कॉल आठवड्यातून एकदा नको, रोज दहा मिनिटांचा हवा. भाषेची शिकवणी लावावी. खर्च कुणी करायचा ते नंतर भांडा.

त्या आईने कुठल्याही हुकमाची वाट पाहिली नाही. चौथ्या कॉलला ती वहीत बापाच्या भाषेतले शब्द स्वतःच्या लिपीत लिहून घेऊन बसली. उच्चार भलतेच झाले. मुलगी हसली आणि एकेक शब्द पुन्हा म्हणून दुरुस्त करायला लागली. त्या चार-पाच मिनिटांत मला काही कामच नव्हतं.

– एक वाचक, व्यवसायाने भाषांतरकार