दुर्मीळ क्षयांच्या मोजणीला मुदतीची हमी हवी : विज्ञानमंत्र्यांना खुले पत्र

माननीय विज्ञानमंत्री यांस,

स. न. वि. वि.

इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा विरुद्ध विद्युतभाराचा प्रतिकण) यांच्या टकरींतून निर्माण होणाऱ्या कणांचे अत्यंत दुर्मीळ क्षय, म्हणजे एका कणाची इतर कणांत होणारी विघटने, मोजण्याच्या कामात मी विश्लेषक म्हणून सहभागी आहे. या कामाला सरकारी अनुदान ज्या निकषांवर आणि जेवढ्या मुदतीसाठी मिळते, ते दोन्ही कामाच्या स्वरूपाशी जुळत नाहीत, हे आपल्या निदर्शनास आणून द्यावे म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते खुले ठेवले आहे, कारण पैसा जनतेचा आहे आणि त्यातून नेमके काय घडते हे तिलाही कळायला हवे.

सध्या या क्षेत्रातील सर्वांत मोठा प्रयोग जपानमध्ये त्सुकुबा येथील केईके प्रयोगशाळेत चालू आहे. तेथील सुपरकेईकेबी या यंत्राच्या सुमारे ३ किलोमीटर परिघाच्या बोगद्यात ७ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन आणि ४ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे पॉझिट्रॉन विरुद्ध दिशांनी फिरतात व एका ठिकाणी एकमेकांवर आदळतात. ऊर्जा मुद्दाम अशी निवडलेली आहे की बी मेसॉन (क्वार्क नावाचा मूलभूत कण आणि एक प्रतिक्वार्क मिळून बनलेला अल्पायुषी कण) आणि त्याचा प्रतिकण यांची जोडी तयार व्हावी आणि तिच्यासोबत दुसरा एकही कण तयार होण्यास ऊर्जा शिल्लक राहू नये. टकरीच्या जागेभोवती बेल-२ हा शोधक, म्हणजे टकरीतून निघणारे कण नोंदवणारे उपकरण, उभा आहे. त्याच्या सिलिकॉन शोधकाचा चौथा थर टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गटाने बांधला आहे, म्हणजे या प्रयोगात आपण केवळ प्रेक्षक नाही.

दुर्मीळ क्षय मोजण्याचे प्रयोजन थोडक्यात असे आहे. जे क्षय स्टँडर्ड मॉडेलनुसार, म्हणजे मूलभूत कणांच्या आजच्या स्वीकृत सिद्धांतानुसार, जवळजवळ घडतच नाहीत, त्यांच्यात अजून न सापडलेल्या जड कणांचा लहानसा हस्तक्षेपही प्रमाण बदलून टाकतो. जो कण निर्माण करण्याइतकी ऊर्जा कोणत्याही यंत्रात नाही, त्याचीही चाहूल अशा क्षयांतून लागू शकते. हे नुसते गृहीतक नाही. तटस्थ के मेसॉनचे दोन म्युऑनमध्ये (म्युऑन म्हणजे इलेक्ट्रॉनसारखाच पण जड कण) होणारे विघटन अपेक्षेपेक्षा फारच क्वचित का घडते, या कोड्यातून १९७० साली ग्लॅशो, इलिओपोलस आणि मायानी यांनी चौथा क्वार्क असला पाहिजे असा युक्तिवाद केला, आणि १९७४ साली तो क्वार्क आणि त्याचा प्रतिक्वार्क यांनी बनलेल्या जे-साय कणाच्या रूपाने तो सापडला. तो शोध लावणाऱ्या दोन प्रयोगांपैकी एक स्टॅनफर्डच्या इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन यंत्रावरचा होता.

आता एका मोजणीविषयी सविस्तर लिहितो, कारण अनुदानाचा प्रश्न तिच्या तपशिलातच दडलेला आहे. विद्युतभारित बी मेसॉनचा एक भारित के मेसॉन आणि दोन न्यूट्रिनो यांत होणारा क्षय स्टँडर्ड मॉडेलनुसार दहा लाख बी मेसॉनमध्ये साधारण साडेपाच वेळा घडायला हवा. न्यूट्रिनो हे विद्युतभार नसलेले अतिशय हलके कण शोधकातून काहीही खूण न सोडता निघून जातात. त्यामुळे या क्षयाची दिसणारी निशाणी म्हणजे के मेसॉनचा एकच मार्ग आणि त्यापलीकडे शून्य. प्रोटॉनांच्या टकरींत इतके कण एकाच वेळी उसळतात की अशी घटना तेथे वेगळी काढणे जवळपास अशक्य असते. इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन टकरीत मात्र सुरुवातीची ऊर्जा नेमकी ठाऊक असते आणि दोनच बी मेसॉन तयार झालेले असतात. म्हणून एकाचा हिशेब लागला की उरलेले सारे दुसऱ्याचे, असे म्हणता येते.

बेल-२ने २०१९ ते २०२२ या पहिल्या टप्प्यात अशा सुमारे ३९ कोटी जोड्या जमवल्या. त्यांत हा क्षय स्टँडर्ड मॉडेलच्या हिशेबाने जवळपास बावीसशे वेळा घडला असेल. मात्र वापरलेल्या दोन पद्धतींपैकी अधिक संवेदनशील पद्धतीतही शंभरातील आठच घटना निवडीच्या चाळण्यांतून पार पडतात, म्हणजे हाती दीड-पावणेदोनशे उरतात, आणि त्याही अशा नमुन्यात की ज्यातील शंभर घटनांपैकी जेमतेम एक खरी असणे अपेक्षित असते. बाकीच्या नव्व्याण्णव घटना खऱ्या घटनेसारख्या दिसतात, पण त्या तशा नसतात; त्यांनाच आम्ही पार्श्वभूमी म्हणतो. या नव्व्याण्णवांना समजून घेणे हेच आमचे खरे काम आहे आणि त्यालाच सर्वाधिक वेळ लागतो.

उदाहरण देतो. दीर्घायुषी तटस्थ के मेसॉन कॅलरीमीटरमधून, म्हणजे शोधकाच्या ऊर्जा मोजणाऱ्या भागातून, कधी कधी ऊर्जा न सोडताच आरपार जातो आणि मग न्यूट्रिनोसारखा भासतो. तो किती वेळा असा निसटतो, याबाबत सिम्युलेशनवर विसंबून राहता येत नाही. म्हणून ज्या टकरींत एक फोटॉन आणि फाय मेसॉन तयार होऊन त्या फायपासून दोन तटस्थ के मेसॉन निघतात, अशा टकरी वेगळ्या काढल्या गेल्या. त्यांत एक के मेसॉन पकडला की दुसरा कोठे असायला हवा हे गणिताने कळते आणि त्या ठिकाणी कॅलरीमीटरने काही नोंदवले की नाही हे तपासता येते.

दुसरी तपासणी याहूनही सुंदर आहे, असे मला वाटते. बी मेसॉनचा के मेसॉन आणि जे-साय यांत होणारा क्षय, ज्यात जे-सायचे दोन म्युऑन होतात, ओळखायला सोपा आहे. प्रत्यक्ष नोंदवलेल्या अशा घटनांमधून ते दोन म्युऑन काढून टाकले गेले आणि के मेसॉनच्या जागी अपेक्षित क्षयातील के मेसॉन सिम्युलेशनमधून बसवला गेला. उरलेली घटना आता दोन न्यूट्रिनोंच्या क्षयासारखीच दिसते, पण तिच्यातील दुसरा बी मेसॉन, यंत्रातला गोंगाट आणि शोधकाची प्रत्येक खोड मात्र खरी असते. हाच प्रकार सिम्युलेशनच्या घटनांवरही करून दोन्हींची तुलना केली की निवडीची पद्धत खऱ्या डेटावरही अपेक्षेप्रमाणे चालते की नाही, हे कळते.

हे सर्व होत असताना ज्या भागात उत्तर दडलेले असते, तो भाग आम्ही स्वतःपासून झाकून ठेवतो. निवडीचे निकष, पार्श्वभूमीचा अंदाज आणि त्रुटींचा हिशेब पूर्णपणे ठरून सहकाऱ्यांच्या तपासणीतून पार पडल्यावरच तो उघडला जातो. उत्तर दिसल्यावर निकष बदलण्याचा मोह माणसाला होतो आणि लहान आकड्यांच्या खेळात असा मोह घातक ठरतो, म्हणून ही शिस्त आहे. या शिस्तीमुळे वर्षभर झटूनही वर्षअखेरीच्या अहवालात लिहिण्याजोगा एकही आकडा नसतो. आढाव्याच्या तक्त्यात मात्र 'यंदाचे निष्कर्ष' हा रकाना असतोच. तो भरण्यासाठी तरुण संशोधकाला अर्धवट आकडा मागितला, तर तो झाकलेला भाग वेळेआधी उघडण्याचा आग्रह आपण अप्रत्यक्षपणे धरत असतो, आणि त्याने मोजणीच बिघडते.

या विशिष्ट मोजणीचे उत्तर २०२३ साली जाहीर झाले. क्षयाचे प्रमाण दहा लाखांत २३ आढळले, त्यात सुमारे ७ची अनिश्चितता होती. केवळ पार्श्वभूमीच आहे या गृहीतकापासून हे ३.५ प्रमाणित विचलने (प्रमाणित विचलन हे अनिश्चितता मोजण्याचे एकक) दूर आहे, म्हणजे हा क्षय घडतो याचा हा पहिला पुरावा. आणि स्टँडर्ड मॉडेलच्या अपेक्षेपेक्षा तो २.७ विचलनांनी अधिक आहे. याला नव्या भौतिकशास्त्राचा शोध म्हणणे चुकीचे ठरेल. आमच्या क्षेत्रात शोध म्हणण्यासाठी पाच विचलनांची अट आहे, आणि त्याच प्रयोगातील दुसऱ्या, अधिक काटेकोर पण कमी घटना देणाऱ्या पद्धतीने आलेला आकडा ११च्या आसपास असून त्याची अनिश्चितता जवळपास त्याच्याइतकीच मोठी आहे. खरे काय आहे हे सांगायला डेटा हवा. पार्श्वभूमीने भरलेल्या मोजणीत अनिश्चितता निम्मी करायची असेल, तर डेटा चौपट लागतो. हे गणित कोणत्याही सरकारच्या आर्थिक वर्षाशी जुळवून घेत नाही.

आपले सल्लागार येथे एक रास्त आक्षेप घेतील आणि त्याला उत्तर देणे माझे कर्तव्य आहे. यंत्र ठरल्या वेळापत्रकाच्या बरेच मागे आहे. पहिल्या टप्प्यात जमलेला डेटा अंतिम उद्दिष्टाच्या एक टक्क्याहूनही कमी भरतो. कणांचा झोत काही फेऱ्यांच्या अवधीत, म्हणजे सेकंदाच्या काही लक्षांश भागात, अचानक कोसळण्याच्या घटनांनी यंत्राच्या आणि शोधकाच्या भागांची हानी झाली आहे. तरीही टकरींच्या तीव्रतेचा जागतिक विक्रम याच यंत्राच्या नावावर आहे आणि तो त्याने स्वतःच पुन्हा मोडला आहे. कोणीही आधी चालवले नाही असे यंत्र चालवताना अडचणी येणारच. पण मंदावलेल्या यंत्राकडे बोट दाखवून त्यावर काम करणारे गट मध्येच मोडले, तर यंत्र वेग घेईल तेव्हा त्याचा डेटा वाचणारे अनुभवी हात उरलेले नसतील. शोधकाच्या थरांची संरेखने (त्यांची नेमकी जागा ठरवणे), ऊर्जेची अंशशोधने (कॅलिब्रेशन), सिम्युलेशनमधील दुरुस्त्या हे ज्ञान कागदावर पुरते उतरत नाही. ते माणसांत असते आणि माणसे गेली की जाते.

काम मध्येच थांबवण्याची किंमत काय असते, याचा एक दाखला इतिहासात नोंदलेला आहे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला सोव्हिएत संघातील दुबना येथील एका गटाने दीर्घायुषी तटस्थ के मेसॉनच्या सुमारे ६०० क्षयांत दोन पायॉन (सर्वांत हलके मेसॉन) यांत होणारा क्षय शोधला. त्यांना एकही सापडला नाही, आणि प्रयोगशाळेच्या व्यवस्थापनाने तो शोध तेथेच थांबवला, असे सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ लेव्ह ओकुन यांनी नोंदवून ठेवले आहे. १९६४ साली अमेरिकेतील ब्रूकहेवन येथे क्रिस्टेन्सन, क्रोनिन, फिच आणि तुर्ले यांनी सुमारे २२,७०० क्षय तपासले आणि त्यांत अशा ४५ घटना आढळल्या, म्हणजे साधारण पाचशेत एक. दुबनाच्या गटाला त्यांच्या ६०० क्षयांत एखादीच घटना दिसण्याची अपेक्षा होती. ते उंबरठ्यावर होते. द्रव्य आणि प्रतिद्रव्य यांच्यात निसर्ग भेद करतो, हे त्या ४५ घटनांनी दाखवले. त्यासाठी क्रोनिन आणि फिच यांना १९८०चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या भेदाचे स्पष्टीकरण देणारा कोबायाशी आणि मास्कावा यांचा १९७३चा सिद्धांत २००१ साली बेल (बेल-२चा पूर्वीचा प्रयोग) आणि अमेरिकेतील बाबार या इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन प्रयोगांनी बी मेसॉनमध्ये पडताळला आणि त्या दोघांना २००८ साली नोबेल मिळाले.

शोध लागला नाही, तरी काम वाया जात नाही, हेही येथे स्पष्ट करायला हवे. एखाद्या पार्श्वभूमीमुक्त मोजणीत एकही घटना दिसली नाही, तर अपेक्षित घटनांची सरासरी २.३हून अधिक नव्हती असे ९० टक्के विश्वासाने म्हणता येते, आणि त्यातून क्षयाच्या प्रमाणावर वरची मर्यादा मिळते. टाऊ कणाचा (म्युऑनसारखाच पण त्याहून जड कण) म्युऑन आणि फोटॉन यांत होणारा क्षय दहा कोटींत ४.२ वेळांपेक्षा अधिक घडत नाही, ही बेल प्रयोगाची मर्यादा अनेक सैद्धांतिक प्रस्तावांना कात्री लावते. ही मर्यादा २०२१ साली प्रसिद्ध झाली आणि तो डेटा मात्र २०१०पर्यंत गोळा झालेला होता. यंत्र बंद झाल्यानंतर अकरा वर्षांनी हा निष्कर्ष निघू शकला, कारण तो डेटा वाचता येईल अशा स्थितीत कोणीतरी राखला होता. डेटा राखण्याचा हा खर्च अनुदानाच्या प्रस्तावात बहुधा कोणी लिहीत नाही आणि लिहिला तर तो सर्वांत आधी कापला जातो.

महोदय, माझ्या मागण्या यातूनच निघतात. दुर्मीळ क्षयांच्या मोजणीसाठी दिलेली मंजुरी वर्षाला बांधलेली नसावी. डेटा जमवण्याचा ठरलेला टप्पा आणि त्यानंतरच्या विश्लेषणाची किमान तीन वर्षे एवढी तिची मुदत असावी, आणि मधल्या आढाव्यात अंशशोधन, पार्श्वभूमीचा अभ्यास व झाकलेल्या विश्लेषणाची प्रगती यांची मोजदाद व्हावी. झाकलेला भाग उघडण्यापूर्वी कोणताही अंतरिम आकडा मागितला जाऊ नये, असे अनुदानाच्या अटींत स्पष्टपणे लिहिले जावे. वरची मर्यादा हा पूर्ण झालेला निष्कर्ष मानला जावा, म्हणजे त्यावर पीएचडी करणाऱ्या विद्यार्थ्याला आढाव्यात कमी लेखले जाणार नाही. प्रत्येक प्रस्तावात डेटा जतन करण्यासाठी स्वतंत्र तरतूद असावी आणि ती दुसरीकडे वळवता येऊ नये.

यासाठी एकूण रकमेत मोठी वाढ लागेल असे मला वाटत नाही. मंजुरीची रचना बदलावी लागेल. त्या रचनेचा मसुदा करण्यासाठी आपण समिती नेमलीत, तर तिच्यात गटप्रमुखांबरोबरच रात्रपाळीत शोधकावर लक्ष ठेवणारे आणि पार्श्वभूमीचे तक्ते स्वतः तयार करणारे तरुण संशोधकही असावेत, अशी विनंती आहे. समितीला तांत्रिक टिपण लागल्यास ते लिहून देण्याची माझी तयारी आहे.

आपला विश्वासू,
दुर्मीळ क्षयांच्या मोजणीत काम करणारा एक संशोधक