तक्रार: ‘ट्राउट ते जिताडा’ फ्लाय-टाइंग संचाबद्दल

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: संचातील सदोष माल आणि दोन पाकिटांबद्दल खुलासा

महोदय,

गळावर पिसं-केस बांधून किड्यांसारखी नकली आमिषं, म्हणजे फ्लाय, बनवायचा आपला वरील संच मी सप्टेंबरमध्ये ६,८५० रुपयांना घेतला. पावती सोबत जोडली आहे. हिमाचलात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउटची मासेमारी बंद असते, म्हणून तीर्थन नदीवर ऑक्टोबरमध्येच जायचं ठरवलं होतं. त्यासाठी आठ रात्री जेवणं उरकल्यावर व्हाइस (गळ धरून ठेवणारा शिकंजा) मांडून मी चाळीसेक फ्लाय बांधल्या.

पहिल्याच सकाळी गुशैणीजवळ एल्क हेअर कॅडिस नावाची फ्लाय सोडली. ही पाण्यावर तरंगत यायला हवी. दोन हात गेली आणि बुडाली. दुसरीचंही तेच. तिसरीला तेल चोपडलं, तीही गेली. खोलीवर येऊन उरलेली पिसं उजेडात धरली. पाकिटावर ‘रूस्टर हॅकल, ड्राय फ्लाय ग्रेड’, म्हणजे तरंगणाऱ्या फ्लायसाठी कोंबड्याची पिसं, असं छापलंय. आत दांडीपासून जवळजवळ टोकापर्यंत मऊ जाळी, आणि गळावर गुंडाळलं की तंतू ताठ उभे न राहता लोळतात. ही कोंबडीची पिसं आहेत. कोंबडीच्या पिसाला मी नावं ठेवत नाही. ते पाणी पितं, म्हणूनच पाण्याखालच्या सॉफ्ट हॅकल फ्लायला मी तेच वापरते. पण तरंगणाऱ्या फ्लायला कोंबड्याचंच हवं.

हे आपल्याला कळवल्यावर आपलं उत्तर आलं, ‘डिअर सर’ अशी सुरुवात करून: ‘पिसे नैसर्गिक असल्याने थोडाफार फरक राहतो.’ रंगात फरक राहतो, लांबीत राहतो, मान्य. कोंबडा की कोंबडी हा थोडाफार फरक नव्हे, आमच्या कोपऱ्यावरच्या चिकनवाल्यालाही तो कळतो.

मग निम्फवर, म्हणजे पाण्याखालून वाहणाऱ्या फ्लायवर आले. ट्राउटचं बरंचसं खाणं तळाशीच होतं, त्यामुळे तिथे फ्लायच्या डोक्याशी ओवलेल्या मण्याच्या वजनावर सगळा खेळ. पाकीट ‘टंगस्टन’चं, फ्लाय मात्र वेगवान धारेत वरच्यावर वाहत राहिली. पुण्याला परतल्यावर ४ मिमीचे २० मणी ओळखीच्या सोनाराकडे तोलून घेतले: साडेचार ग्रॅमही भरले नाहीत. माझ्याकडचे जुने टंगस्टनचे तेवढेच मणी नऊ ग्रॅम. म्हणजे आपण टंगस्टनच्या भावात पितळ विकलंत.

जिताड्याचं थोडक्यात सांगते. बकटेल (हरणाच्या शेपटीचे केस) लावून बांधलेल्या क्लाउझर, म्हणजे छोट्या माशासारख्या फ्लाय, घेऊन रेवदंड्याच्या खाडीवर एक भरती काढली. दुसऱ्या दिवशी डबी उघडली तर ‘सॉल्टवॉटर’ गळांना तांबूस गंज, आणि शेजारचं पांढरं बकटेलही डागाळलेलं. ट्राउटपासून जिताड्यापर्यंत सगळं एका डब्यात देण्याची हौस असेल तर खाऱ्या पाण्याचे गळ तरी स्टेनलेस द्यावेत.

आता पैशांपलीकडचा मुद्दा. ‘एक्झॉटिक नेक, सॅमन’ या पाकिटात सहा पिसं आहेत. प्रत्येकाच्या टोकाशी मेणाचा थेंब सांडून वाळावा तसा पिवळट पांढरा, चकचकीत ठिपका. सह्याद्रीत भटकलेल्या माणसाला हे पीस ओळखावं लागत नाही: राखी रानकोंबड्याच्या मानेचं आहे. जुन्या विलायती सॅमन फ्लायमध्ये गालाशी हे लावायची पद्धत आहे. (आपल्या नद्यांत तो सॅमन नाही. ‘इंडियन सॅमन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या रावसासाठी ठेवलं असेल तर धन्य आहे.) हा पक्षी १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. परदेशात पाळलेल्या पक्ष्यांची पिसं कागदपत्रांसह मिळतात. आपली तशी असतील तर कागद दाखवा. पाकिटावर ना पक्ष्याचं नाव, ना देशाचं. ‘डीअर हेअर’वरही कोणतं हरीण ते लिहिलेलं नाही. अमेरिकेतलं व्हाइटटेल असेल तर तसं छापा, चितळाचं असेल तर प्रकरण गंभीर आहे.

मला संचाची पूर्ण रक्कम परत हवी आणि या दोन पाकिटांतला माल कुठून आला ते लेखी हवं. बदली संच नको. प्रवासखर्च मी मागत नाही. नदी पाहून झाली, एक ट्राउटही मिळाली, तीही माझ्या जुन्या डबीतल्या फेझंट टेल निम्फवर.

१५ दिवसांत रक्कम न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन. बाकीचा माल आपल्या खर्चाने घेऊन जा. ती दोन पाकिटं मात्र मी टपालाने परत पाठवणार नाही. त्यांचे कागद तोवर आले नाहीत, तर ती वनविभागाच्या कार्यालयात जमा करीन.

कळावे,
आपली ग्राहक, पुणे

सोबत: पावती, पिसांचे व गंजलेल्या गळांचे फोटो, वजनकाट्याचा फोटो