गॅदरिंग दुपारच्या उन्हात घ्या

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

निफाड तालुक्यात गेली सव्वीस वर्षं माझा मंडप-डेकोरेशनचा व्यवसाय आहे. लग्नं, सप्ते, यात्रा, सगळीकडे मांडव घालतो. पण डिसेंबर-जानेवारीत मुख्य काम शाळांच्या गॅदरिंगचं. तारखा धरायला शाळांचे फोन आता सुरू झालेत. एकदा पत्रिका छापल्या की वेळ कुणी बदलत नाही, म्हणून हे पत्र आत्ताच लिहितो आहे.

गेल्या हिवाळ्यात एका शाळेत कार्यक्रमाची वेळ पाचची होती. पाहुणे पावणेआठला आले. मग शाली, नारळ, सत्कार, भाषणं. मंचामागे कनातीच्या आडोशाला दुसरीतल्या मुली साडेचारपासून कोळीनृत्याच्या पोशाखात बसून होत्या. पातळ लुगडी, उघडे दंड, अनवाणी पाय. गजरा आणि मेकअप बिघडेल म्हणून स्वेटर पिशव्यांमध्ये ठेवायला लावलेले. "काका, आमचा नंबर कधी?" असं एकीने विचारलं, तेव्हा तिचे दात वाजत होते. मी टेम्पोतल्या सतरंज्या काढून मुलींच्या पायांवर टाकल्या. त्यांचा नाच साडेनऊनंतर लागला. तोवर मंचावरच्या मॅटवर दव बसलं होतं. दोघी घसरून पडल्या. त्यांच्यामागचे चार नाच झालेच नाहीत, कारण दहाला लाऊडस्पीकर बंद करावाच लागतो. महिनाभर तालीम केलेली ती मुलं रंगवलेल्या तोंडांनी तशीच घरी गेली. ते मला अजून विसरता येत नाही.

आमच्याकडची थंडी काय असते ते कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातल्या पाऱ्याच्या आकड्यांवरून तुमच्या वाचकांना ठाऊक आहेच. पारा दहाच्या खाली गेला की द्राक्षबागायतदार पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटवतात. घडांची एवढी काळजी घेणारे आपण, पोरांना मात्र उघड्या मैदानात बसवतो. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि आभाळ निरभ्र असलं की जमीन भराभर निवते. तेच मैदान दुपारी एक ते पाच इतकं छान उबदार असतं की तिथे मुलं आपणहून नाचतील.

माझी विनंती एवढीच, की बालवाडी ते चौथीचा कार्यक्रम दुपारी एकला सुरू करून चारला संपवावा. मोठ्या मुलांचा त्यानंतर, फार तर सातपर्यंत. पाहुणे उशिरा आले तर त्यांचा सत्कार मध्येच करावा, मुलांना थांबवू नये. मंचाची पाठ उत्तरेला ठेवावी. तिकडचा गार वारा अडतो आणि दक्षिणेकडे कललेलं ऊन मंचावर येतं. पालक दुपारी शेतात असतात, कांद्याची लागवड आणि बागांची कामं चालू असतात, ही अडचण खरी आहे. पण आठवडे बाजाराच्या दिवशी पुष्कळ गावांत मजुरी बंद असते. तो दिवस धरावा.

कुणाला रात्रीच कार्यक्रम घ्यायचा असेल, तर निदान मंच आणि मुलांच्या बसायच्या जागेवर छत घ्यावं. उघड्यावर अंगावर पडणारं दव त्याने अडतं. मात्र "वारा लागतो, चारही बाजूंनी कनाती बांधा" असा आग्रह कृपा करून धरू नका. मी सुरुवातीच्या काळात एकदा तसं बांधलं होतं. आत सातशे माणसं आणि यायला-जायला एकच वाट. २३ डिसेंबर १९९५ ला हरियाणातल्या डबवालीत शाळेच्या वार्षिक कार्यक्रमात मांडवाला आग लागली आणि चारशेहून जास्त माणसं गेली. त्यांत मुलं फार होती. कृत्रिम धाग्याचं कापड पेटलं की वितळून अंगावर गळतं, हे आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. त्या आगीची हकीकत कळल्यापासून मी दोन समोरासमोरच्या बाजू पूर्ण मोकळ्या ठेवतो आणि मुलांच्या मागे नेहमी एक वाट सोडतो. मंचामागे कोळशाची शेगडी ठेवायला मागतात, तीही मी ठेवू देत नाही; कापडाची भीती आहेच, शिवाय बंदिस्त जागेत त्या धुराने आणि वायूने माणूस बेशुद्ध पडतो. वायरी ओल्या गवतावरून न नेता बांबूवरून वर घ्याव्यात आणि अर्थिंग आदल्या दिवशीच तपासून घ्यावं.

रात्रीच्या कार्यक्रमात माझे लाइट आणि जनरेटर भाड्याने जातात, दुपारच्या कार्यक्रमात ते गोदामात पडून राहतात. हा तोटा मला चालेल. तालुक्यातल्या ज्या शाळा यंदा लहान मुलांचा कार्यक्रम चारच्या आत संपवतील, त्यांच्या मंचावरच्या छताचं भाडं मी घेणार नाही. फक्त टेम्पोचं डिझेल द्यावं. शाळांनी तारीख पक्की करायच्या आधी कळवलं, तर मैदानात येऊन मंच कुठे घ्यायचा ते मी स्वतः आखून देईन.

आपला नम्र,
एक मंडप व्यावसायिक
ता. निफाड, जि. नाशिक