फुप्फुसाच्या धमन्या हप्त्याहप्त्याने का उघडायच्या

पुणे,
रविवार

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझे पत्र आणि वहिनींचे रिपोर्ट, दोन्ही नीट वाचले. डॉक्टरांनी पहिल्या वेळी फुगा घालून फुप्फुसाच्या धमनीच्या मोजक्याच शाखा मोकळ्या केल्या आणि उरलेल्यांसाठी काही आठवड्यांनी बोलावले, याचा तुला राग आला आहे. पण तुझ्या लेखी जी चालढकल, तिलाच मी उपचारातले खरे शहाणपण समजतो.

फुप्फुसात गुठळी अडकून गेलेल्या बहुतेक रुग्णांमध्ये ती कालांतराने विरघळते. थोड्या जणांत मात्र ती धमनीच्या भिंतीला चिकटून जून होते आणि आत तंतूंची जाळी व पडदे तयार होतात. म्हणूनच रक्त पातळ करणारे औषध किमान तीन महिने देऊनही अडथळे उरले, तरच या आजाराचे, म्हणजे जुन्या गुठळ्यांमुळे फुप्फुसाच्या धमन्यांत दाब वाढण्याचे (इंग्रजीत सीटीईपीएच), निदान पक्के करतात. वहिनींचे तसेच झाले आहे.

याचा सारा भार पडतो तो हृदयाच्या उजव्या जवनिकेवर, म्हणजे फुप्फुसाकडे रक्त ढकलणाऱ्या कप्प्यावर. फुप्फुसाच्या धमनीतला सरासरी दाब एरवी पाऱ्याच्या १४ मिमीच्या आसपास असतो, त्यामुळे या जवनिकेची भिंत मुळातच पातळ असते. दाब २०च्या वर जाऊन वाढतच राहिला, की ती आधी जाड होते, मग फुगते, तिची झडप गळू लागते आणि पायांवर सूज येते. एवढ्यावर भागत नाही. दोन्ही जवनिकांमधला पडदा डावीकडे ढकलला जातो, डावी जवनिका इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, इंग्रजी ‘डी’ अक्षरासारखी चपटी दिसते आणि ती पुरेशी भरतच नाही. वहिनींना जिना चढताना येणारी घेरी यातलीच असावी, असे मला वाटते.

मग सगळ्या शाखा एकाच दिवशी का उघडू नयेत? २००१ मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांनी अशा १८ रुग्णांवर फुग्याने केलेले उपचार प्रसिद्ध केले. दाब उतरला, पण ११ जणांच्या फुप्फुसात पाणी झाले. कोरड्या पडलेल्या पाटात धरणाचे पाणी एकदम सोडावे तसे ते होते, आणि त्यात बारीक तारेने धमनीला इजा होण्याची भीती असतेच. ही पद्धत जवळजवळ मागे पडली होती. जपानमध्ये, विशेषतः ओकायामाच्या हिरोमी मात्सुबारा यांच्या गटाने, लहान फुगे, एका वेळी थोड्याच शाखा आणि अनेक बैठका असा क्रम लावून २०१२ च्या सुमारास ती पुन्हा उभी केली. तुमचे डॉक्टर त्याच वाटेने चालले आहेत.

एक गोष्ट मात्र त्यांना जरूर विचार: शस्त्रक्रियेच्या जाणकाराने वहिनींची चित्रे पाहिली आहेत का? गुठळ्या मोठ्या शाखांत, हाताला लागतील अशा असतील, तर त्या धमनीच्या आतल्या अस्तरासह सोलून काढणे हाच पहिला पर्याय ठरतो. सॅन डिएगोत नावारूपाला आलेली ही शस्त्रक्रिया मोठी आहे. शरीर सुमारे २० अंश सेल्सिअसपर्यंत थंड करून, एका वेळी २० मिनिटांपर्यंत रक्ताभिसरण थांबवून ती करतात. रिपोर्टवरून वहिनींचे अडथळे बारीक शाखांत दिसतात, म्हणून फुगा योग्यच वाटतो, पण हा निर्णय एकट्याचा नसावा. मधल्या काळात दाब उतरवण्यासाठी दिलेले रायोसिग्वॅट चालू राहू द्या. त्यासोबत छातीत दुखण्यावरची नायट्रेटची गोळी चालत नाही, हे घरात सर्वांना माहीत असावे.

यश कशावर मोजायचे, असे तू विचारले आहेस. रुंदावलेल्या धमनीच्या फोटोवर फार जाऊ नकोस. कॅथेटरने मोजलेला दाब, इकोत उजव्या जवनिकेचा आकार, हृदयावरचा ताण दाखवणारी रक्तातल्या बीएनपीची तपासणी आणि सहा मिनिटांत वहिनी चालतात ते अंतर, हे आकडे पाहा. भार हलका झाला की ही जवनिका पुष्कळच सावरते, मात्र तिला काही महिने द्यावे लागतात.

रक्त पातळ करणारे औषध आयुष्यभर चालेल. गुठळ्या होण्याची प्रवृत्ती वाढवणाऱ्या अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडांची तपासणी झालेली दिसत नाही, ती करून घे. ती पॉझिटिव्ह आली तर रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्यांपेक्षा वॉर्फरिन हे जुने औषध बरे. फुग्यानंतर खोकल्यातून रक्त आले किंवा दम वाढला, तर रात्र असली तरी थांबू नका.

पुढच्या बैठकीची तारीख ठरली की कळव, आणि आधीच्या इकोची सीडी कुरिअरने पाठव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
डॉक्टर मित्र