कोल्हापुरी, प्राडा आणि लग्नासाठीचा नवा जोड

ती. आई आणि बाबा यांना,
सा. न.

बाबा, तुम्ही पाठवलेला फॉरवर्ड वाचला. प्राडा या इटलीच्या महागड्या फॅशन कंपनीने कोल्हापुरी चपलेचं पेटंट घेतलं, आता आपल्या कारागिरांना ती विकता येणार नाही, असं त्यात म्हटलंय. हे खोटं आहे. शेकडो वर्षं लोक जी वस्तू करून विकत आले, तिचं पेटंट कुणालाच मिळत नाही, कारण पेटंटला वस्तू नवी लागते. फोनवर हे सगळं अर्धवट राहतं, म्हणून सविस्तर लिहिते. आईला लग्नासाठी नवा जोड घ्यायचा आहे, त्याचंही यातच लिहिते.

झालं ते असं. जून २०२५ मध्ये मिलानला प्राडाचा पुरुषांच्या कपड्यांचा शो झाला. त्यात मॉडेल्सच्या पायात चामड्याच्या सपाट चपला होत्या. अंगठा (म्हणजे पायाचा अंगठा अडकवायची वादी), मधला पट्टा, शिवलेला तळ, सगळं ओळखीचं. आपल्याकडचं शाळकरी पोरही बघून ‘कोल्हापुरी’ म्हणालं असतं. कंपनीने मात्र नुसत्या ‘चामड्याच्या सँडल’ म्हणून त्या दाखवल्या. कोल्हापूरचा उल्लेख नाही, महाराष्ट्राचा नाही, भारताचाही नाही. लोक चिडले ते यावर, आणि चिडायलाच हवं होतं. ज्या चर्मकार आणि ढोर समाजाने हे कसब टिकवलं, त्यांना याच कामापायी गावाबाहेर ठेवलं गेलं. त्यांच्या हातची चीज मिलानला मिरवावी आणि त्यांचं नावही घेऊ नये, हे मला अजूनही सलतं.

महाराष्ट्र चेंबर या व्यापाऱ्यांच्या संघटनेने पत्र पाठवल्यावर प्राडाने आपल्या चपलांमागे भारतीय हस्तकलेची प्रेरणा असल्याचं लेखी मान्य केलं, आणि जुलैमध्ये त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटून गेली. प्राडाविरुद्धची मुंबई उच्च न्यायालयातली जनहित याचिका मात्र फेटाळली गेली. चपलेच्या नावाची नोंदणी ज्यांच्याकडे आहे त्यांनी दाद मागावी, तिसऱ्याने नाही, असा त्याचा साधारण अर्थ.

ही नोंदणी म्हणजे जीआय, भौगोलिक मानांकन. कोल्हापुरीला ते २०१९ मध्ये मिळालं, तेही महाराष्ट्र आणि कर्नाटकाला मिळून. आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तिकडचे बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर, असे आठ जिल्हे. अथणी-निपाणीकडे पिढ्यान्‌पिढ्या हेच काम चालतं, त्यामुळे ‘कर्नाटकातली म्हणजे नकली’ असं कुणी दुकानदार म्हणाला तर त्याचं ऐकू नका. जीआय राखतं ते नाव. या आठ जिल्ह्यांबाहेर केलेली किंवा ठरलेल्या पद्धतीने न केलेली चप्पल ‘कोल्हापुरी’ म्हणून विकता येत नाही. पण तशा आकाराची चप्पल करून दुसऱ्या नावाने विकली, तर जीआय हात लावू शकत नाही. शिवाय ही नोंदणी भारतापुरती आहे. प्राडाने नाव वापरलंच नव्हतं. गंमत अशी नाही, दुखणंच असं आहे की नाव गाळल्याचा आपल्याला राग आला आणि नाव गाळल्यामुळेच कायद्याला धरायला काही उरलं नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये प्राडाने दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी, म्हणजे आपलं लिडकॉम आणि कर्नाटकचं लिडकर यांच्याशी, करार केला. इथल्या कारागिरांकडून २००० जोड करून घ्यायचे, साधारण ८०० युरोला एक, म्हणजे ऐंशी हजार रुपयांच्या वर, आणि फेब्रुवारी २०२६ पासून विकायचे, असं ठरलं. कारागिरांच्या प्रशिक्षणाचंही त्यात आहे. मला ही चांगली सुरुवात वाटते. पण दोन हजार जोडांवर आठ जिल्ह्यांची चूल पेटत नाही. ती पेटते तुमच्या-माझ्यासारख्यांच्या खरेदीवर, आणि तिथे आपणच रोज फसतोय. स्टेशनबाहेर, यात्रेत, ऑनलाइन दोनशे-तीनशेला ‘कोल्हापुरी’ म्हणून जे मिळतं ते बहुतेक रेक्झिन असतं. जीआयचा खरा भंग तिथे होतो, आणि त्यावर कुणी फॉरवर्ड लिहीत नाही.

म्हणून आई, आता नीट वाच. दुकानात चप्पल हातात घेतलीस की आधी वरून बघू नकोस, उलटी कर आणि तळाची कड बघ. खऱ्या कोल्हापुरीत खिळा नसतो. तळाचे थर एकावर एक ठेवून आरीने भोकं पाडतात आणि चामड्याच्याच बारीक वादीने शिवतात. ही वादी खालच्या बाजूला कडेकडेने टाक्याटाक्याने दिसते, आणि हाताने ओढलेली असल्यामुळे टाके अगदी एकसारखे नसतात. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना जे ‘कान’ असतात, त्यांचं टोक तळाच्या दोन थरांमध्ये घालून शिवलेलं असतं. नकली चपलेत ते नुसतं चिकटवलेलं असतं. कान धरून हलका ताण दे, फट पडली तर खाली ठेव. खिळ्यांची शंका असेल तर फ्रिजवरचं छोटं चुंबक तळावरून फिरव.

मग कापलेली कड बघ. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेलं कातडं आतून-बाहेरून एकाच तांबूस-तपकिरी रंगाचं असतं आणि कडेला बारीक तंतू दिसतात. मधला थर निळसर-राखाडी दिसला तर ते क्रोमने, म्हणजे कारखान्यात रसायनाने कमावलेलं आहे. चामडं खरंच असतं, पण घाम तितका शोषत नाही आणि पायाचा आकारही तितका घेत नाही. रेक्झिनच्या मागे कापडाची वीण दिसते. शेवटची परीक्षा पाण्याची. दुकानदाराला विचारून तळाच्या आतल्या बाजूला बोटाने एक थेंब लाव. सालीने कमावलेलं, पॉलिश न केलेलं चामडं मिनिटभरात तो पितं आणि तिथे गडद डाग पडतो, वाळला की फिका होतो. थेंब मोत्यासारखा तसाच राहिला तर वर प्लास्टिकचा लेप किंवा पॉलिश असणार.

हे कमावणंच महाग पडतं. चुन्यात भिजवून केस काढायचे, मग कातडं पखालीसारखं शिवून त्यात सालीचा काढा भरून टांगायचं, काढा झिरपत राहील तसा पुन्हा भरायचा. यात दिवस जातात, पाणी लागतं. तळाला म्हशीचं जाड कातडं, पट्ट्यावरच्या वेणीला शेळीचं मऊ. वेण्या आणि गोंडे बहुतेक बायका घरी बसून करतात, आणि दाम ठरवताना नेमकी तीच मेहनत कुणी मोजत नाही. म्हणून घासाघीस करायचीच असेल तर वेणीच्या जोडावर नको करूस. लिडकॉमने आता क्यूआर कोड सुरू केलाय. जोडावर तो असेल तर मोबाइलने स्कॅन करून बघ. नसला म्हणून चप्पल खोटी ठरत नाही, कारण सगळ्या कारागिरांपर्यंत अजून तो पोचायचाय.

माप संध्याकाळी घ्यायचं, तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो. जोड किंचित आवळ हवा, कारण पट्टा आठ-दहा दिवसांत सैल पडतो. पण लांबीला आवळ नको, टाच तळाबाहेर जाता कामा नये. लांबी नंतर वाढत नाही.

नवी कोल्हापुरी चावते ती दोनच ठिकाणी. अंगठ्याच्या आतल्या बाजूला आणि पावलाच्या बाहेरच्या हाडावर, जिथे कानाची कड टेकते. चामडं अजून कडक असतं आणि तिथे पायावर मांस कमी असतं. एरंडेल किंवा खोबरेल तेल बोटाने फक्त पट्टा, अंगठा आणि कान यांच्या आतल्या बाजूला लाव, दोन्ही चपलांना मिळून एक चहाचा चमचा, आणि रात्रभर ठेव. सकाळी कापडाने पुस. तळाला तेल नको. तळ मऊ पडला की आकार जातो आणि धूळ धरते. मग पहिले सहा-सात दिवस घरातच अर्धा-अर्धा तास घाल. लग्नाच्या दिवशी पहिल्यांदा घालायची नाही, म्हणून जोड निदान तीन आठवडे आधी आणायचा.

पावसात ती कपाटात. भिजलीच तर कोरड्या फडक्याने टिपून वर्तमानपत्र कोंबायचं, दर दोन तासांनी कागद बदलायचा आणि सावलीत पंख्याखाली वाळवायचं. उन्हात किंवा गॅसजवळ ठेवली की चामडं आक्रसतं आणि अंगठ्याजवळ तडकतं, मग तेलानेही सांधत नाही. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नकोस, बुरशी येते. जुनी उशीची खोळ चालेल.

बाबा, तुमच्याबद्दल वेगळं लिहायचंय. चामड्याचा तळ ओल्या लादीवर घसरतो. मंगल कार्यालयात पंगतीच्या आणि हात धुवायच्या जागी फरशी ओली असतेच. म्हणून तळाला दोन-तीन मिलिमीटरचं रबर मोच्याकडून शिवून घ्या, नुसतं चिकटवलेलं उन्हाने सुटतं. चपलेच्या खानदानीपणाला त्याने काही होत नाही. दुसरं, तुमची शुगर. तळपायाला मुंग्या किंवा बधिरपणा जाणवत असेल तर कोल्हापुरी अजिबात नको, कारण अंगठा घासून जखम झाली तरी कळत नाही. तसं नसेल तरी डॉक्टरांना विचारूनच घ्या, दोन-तीन तासांच्या वर घालू नका, आणि रात्री आईला पावलं दाखवा, बोटांच्या बेचक्यांसकट.

एक आणखी. सध्या पोरंपोरी जीन्सवर, शर्टावर सर्रास कोल्हापुरी घालतात. करिना कपूरनेही त्या जुलैत आपल्या पायातली कोल्हापुरी इन्स्टाग्रामवर मिरवली होती. बारीक पट्ट्याच्या, बिनकानाच्या, चंदेरी, रंगीत अशा खूप निघाल्यात. आई, तुला चंदेरी आवडेल हे माहीत आहे, पण तो लेप घडीच्या जागी महिन्याभरात सोलतो. नैसर्गिक रंगाची घे. तेलाने आणि वापराने ती गडद होत जाते आणि पैठणीखाली शोभून दिसते.

आता मापासाठी दोघांनी एवढं करा. जाड कागदावर उभं राहा, बसून नको, दोन्ही पायांवर सारखं वजन टाकून. पेन्सिल सरळ उभी धरून आईने बाबांच्या आणि बाबांनी आईच्या पावलाभोवती रेघ काढा. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यातल्या बेचक्याच्या जागी ठिपका द्या, तिथेच चपलेचा अंगठा बसतो. पट्टा जिथे येतो तिथे पावलाभोवती दोरा गुंडाळून त्याची लांबी कागदावर लिहा. दोन्ही पायांचं वेगवेगळं, कारण कुणाचेच दोन्ही पाय सारखे नसतात. डावा-उजवा लिहायला विसरू नका. कागदाचा फोटो नको, मूळ कागदच कुरिअरने पाठवा. फोटोत माप बदलतं.

तुमची,
मोठी