मुठीतला पक्षी

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत, चिनी शिकतेस म्हणजे रोज काय घोकतेस? तेव्हा आवाज तुटत होता, म्हणून लिहिते.

सध्या मोजायचे शब्द चालू आहेत. चिनीत नुसतं ‘तीन गायी’ म्हणून चालत नाही. आकडा आणि वस्तू यांच्यामध्ये आणखी एक शब्द लागतो. आपल्या ‘चार जणां’तल्या ‘जण’सारखा, पण इथे तो वस्तूगणिक बदलतो. गायीबैलांना ‘थोउ’, म्हणजे डोकं. मासा, नदी, रस्ता अशा लांबट गोष्टींना ‘थ्याव’, मूळ अर्थ बारीक फांदी. ते पाठ होतात. मी रमले ती ‘झी’पाशी.

मी आहे त्या तैवानमध्ये अजून जुनी लिपी आहे, म्हणून ‘झी’चं चित्र शाबूत आहे: वर आखूड शेपटीचा पक्षी, खाली त्याला धरणारा हात. इसवी सन 100 च्या सुमारास शू शेन यांनी ‘शुओवेन ज्येझी’ हा कोश रचला. त्यात सांगितलंय की हातात एक पक्षी असेल तर ‘झी’, दोन असतील तर ‘श्वांग’, म्हणजे जोडी. ‘झी’ची खूण त्याहून कितीतरी जुनी. चीनमधल्या आन्यांगला शांग राजांच्या काळची, तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीची कोरीव हाडं सापडली. राजा शिकारीला निघण्याआधी हाडाला आच देऊन भेगांवरून कौल घ्यायचा. त्या हाडांवर हीच खूण ‘शिकार हाती लागली’ अशा अर्थानं येते. धरलेल्या पाखरावरून ती मोजणीत आली. आता कोंबडी, मांजर, वाघ सगळे ‘झी’नं मोजतात, आणि जोडीतलं एक सांगायचं असलं तरी हाच शब्द: एक हात, एक कान, एक बूट.

चीनमध्ये 1956 पासून लिपी सोपी केली. तिथल्या ‘श्वांग’मध्ये आता शेजारी शेजारी दोन हात उरलेत, पाखरं गेली. अठरा रेघांचं अक्षर चारांवर आलं, शिकणाऱ्या मुलांचे कष्ट वाचले, हे खरंच मोठं काम. तरी मला अठरा रेघाच हव्यात. त्या काढताना हातात काय धरलंय ते दिसतं.

काल वर्गात अवयव मोजत होतो. एक डोळा म्हणताना ‘झी’ आला आणि बाबा, तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आठवलं. एकानं छान दिसतंय, दुसऱ्याचं पुढच्या वर्षी बघू, असं तुम्ही म्हणता. पुढच्या वर्षावर टाकू नका. जिना उतरताना तुम्ही पायरी चाचपता, हे आईनं मला सांगितलंय. इथल्या नववर्षाच्या सुट्टीत मी घरी येतेय, तेव्हाचीच तारीख घ्या. डोळ्यात थेंब मी घालीन, वेळा सांभाळीन. आई, डॉक्टरांना फोन तूच कर आणि तारीख ठरली की लगेच कळव, म्हणजे मला तिकीट काढता येईल.

तुमची,
धाकटी